पृथ्वीच्या हातात कडं असतं तर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज बचतीचा विषय नाही, कर्जफेडीचा नाही आणि मसाल्याच्या पॅकिंगचाही नाही. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला एक ताई आपल्या आठवीतल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. आम्ही हप्त्याच्या नोंदी करत होतो आणि ती भूगोलाचं पुस्तक चाळत होती. शनीचं चित्र दाखवून तिने विचारलं, "याला कडी आहेत, मग आपल्या पृथ्वीला का नाहीत? आणि असती तर इथून कशी दिसली असती?" बैठकीतल्या बायका हसल्या, पण उत्तर कुणालाच देता येईना. म्हणून आम्ही समन्वयक मैत्रिणी पुस्तकं घेऊन बसलो, थोडं गणित केलं, आणि ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत. प्रश्न पोरीचा असला तरी उत्तर आपल्या रब्बीच्या ज्वारीपर्यंत येऊन पोचतं.

आधी कडं म्हणजे काय ते बघू. नांदेडात कडं म्हटलं की हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानांतली पोलादी कडी डोळ्यांपुढे येतात. एकसंध, गोल, कडक. शनीचं कडं तसं मुळीच नाही. १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला वाटलं, या ग्रहाला दोन बाजूंना कानच आहेत. पुढे १६५९ मध्ये हायगेन्सने सांगितलं की हे कान नव्हेत, हे ग्रहाभोवतीचं सपाट कडं आहे. १६७५ मध्ये कॅसिनीला त्या कड्यात एक काळी फट दिसली. आणि १८५९ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने नुसत्या कागदावरच्या गणिताने दाखवून दिलं की हे कडं एकसंध असूच शकत नाही, असतं तर तुटून गेलं असतं. ते असंख्य सुट्या तुकड्यांचं आहे आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने ग्रहाभोवती फिरतो आहे.

हे समजायला जुन्या खळ्यावरची मळणी आठवा. मध्ये तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरते. सगळे बैल एका दाव्यात, म्हणून सगळ्यांची फेरी एकाच वेळी पूर्ण होते. आतल्या बैलाला कमी चालावं लागतं, बाहेरच्याची दमछाक होते. कड्यातल्या तुकड्यांना असं दावंच नाही. तिथे आतला तुकडा जोरात पळतो आणि बाहेरचा सावकाश जातो. पृथ्वीभोवती कडं असतं तर आतल्या कडेच्या दगडाने जवळजवळ दोन तासांत एक फेरी मारली असती आणि बाहेरच्या कडेच्या दगडाला जवळजवळ पाच तास लागले असते. एवढ्या वेगवेगळ्या चालीच्या गोष्टी एका पोलादी कड्यात कशा कोंडणार?

मग हे तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा एखादा छोटा चंद्र का होत नाही? ज्वारीचं पीठ गार पाण्यात मळून भाकरी थापायला घेतली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कडेला चिरा पडतात आणि भाकरी हातावर घेतली की तुटते, कारण पिठाला धरून ठेवणारा जोर कमी पडतो. ग्रहाच्या फार जवळ गेलेल्या दगडांच्या सैल ढिगाचंही तसंच होतं. ग्रह त्या ढिगाची जवळची बाजू जास्त जोराने ओढतो आणि लांबची बाजू कमी जोराने. ढिगाचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं असतं की या ओढाताणीत त्याचे तुकडे होतात. हे अंतर फ्रान्सच्या रोश नावाच्या गणितज्ञाने १८४८ मध्ये काढलं. चंद्रासारख्या दगडासाठी ते पृथ्वीच्या मध्यापासून साधारण १८ हजार किलोमीटर भरतं. त्याच्या आत आलं तर कडं होतं, बाहेर राहिलं तर चंद्र होतो. आपला चंद्र त्याच्या कितीतरी बाहेर, पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त दूर आहे, त्यामुळे त्याची काळजी नको.

खरं तर चंद्राचाही जन्म अशाच एका चकतीतून झाला असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी एक मोठा गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला, वितळलेला दगड उडाला, पृथ्वीभोवती फिरू लागला आणि त्याचा चंद्र झाला. म्हणजे पृथ्वीच्या हातात सुरुवातीला काही काळ कडं होतंच.

आता गंमत. आणखी एकदा कडं असल्याचा अंदाज २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला. ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास पृथ्वीवर उल्का पडण्याचं प्रमाण एकदम वाढलं होतं. त्या काळातले २१ आघाताचे खड्डे त्यांनी घेतले आणि जमिनीचे तुकडे तेव्हा जिथे होते तिथे मागे सरकवून बघितले. तर सगळे खड्डे विषुववृत्तापासून ३० अंशांच्या आतच निघाले. त्या काळची ७० टक्क्यांहून जास्त जमीन या पट्ट्याच्या बाहेर होती, तरी तिथे एकही नाही. नेहमीच्या उल्का कुठेही पडतात, त्या विषुववृत्त शोधत येत नाहीत. मग हे दगड वरून, एखाद्या कड्यातून गळत होते का? एक मोठा लघुग्रह पृथ्वीच्या फार जवळून गेला, फुटला, त्याचं कडं झालं आणि काही कोटी वर्षं त्यातले दगड खाली पडत राहिले, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. हा अंदाज आहे, शिक्कामोर्तब नव्हे. पण आम्हाला तो पटण्यासारखा वाटतो, कारण २१ पैकी २१ म्हणजे योगायोग म्हणायला जरा जास्तच झालं.

त्या वेळी आपली काळी जमीन नव्हतीच. ज्या काळ्या खडकाची झीज होऊन आपली कापसाची, सोयाबीनची माती झाली, तो लाव्हाचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कड्याच्या मानाने तो कालपरवाचा म्हणायचा. पण आमच्या देगलूर-बिलोलीकडच्या मैत्रिणींनी आपल्या शिवारातले ग्रॅनाइटचे गोल धोंडे आठवावेत. ते त्याहून कितीतरी जुने आहेत. कडं खरंच असेल, तर हा दगड तेव्हाही पृथ्वीवर होता. आणि कुणी म्हणेल की मग आपल्या जवळचं लोणारही त्यातलंच का? नाही. लोणारचं सरोवर, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा, याच काळ्या खडकात पडलेला आहे. म्हणजे तो खडक तयार झाल्यानंतरचा, एका एकट्या उल्केचा.

बरं, आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कडं असतं तर लातूर-नांदेडहून कसं दिसलं असतं? त्यासाठी आम्ही शनीची मुख्य कडी घेतली आणि पृथ्वीच्या मापाने लहान केली. तसं केलं तर आतली कड जमिनीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर उंचीवर येते आणि बाहेरची सुमारे आठ हजार किलोमीटरवर. कडं बरोबर विषुववृत्ताच्या वर असतं, कारण पृथ्वी मध्ये थोडी फुगलेली आहे आणि आडव्यातिडव्या वाटेने फिरणारे तुकडे एकमेकांवर आपटून आपटून शेवटी त्याच एका पातळीत येतात. जाडी मात्र अगदीच कमी. शनीची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरली आहेत आणि जाडी बरीचशी काही दहा मीटर. त्यामुळे २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कड बरोबर आपल्याकडे झाली तेव्हा दुर्बिणीतूनही कडी जवळजवळ दिसेनाशी झाली होती.

आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला १८-१९ अंशांवर राहतो, म्हणून कडं आपल्याला दक्षिणेच्या आकाशात दिसलं असतं. घराच्या छतावरची डिश टीव्हीची छत्री बघा. तिचं तोंड दक्षिणेकडे नाहीतर आग्नेयेकडे असतं, कारण टीव्हीचे उपग्रहही विषुववृत्तावरच, पण खूप उंच, जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतात. कडं त्यांच्या खालच्या अंगाला आलं असतं, त्यामुळे मालिका बंद पडल्या नसत्या! आता अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहा, हात सरळ पुढे धरा आणि मूठ वळा. एक मूठ म्हणजे आकाशाचे साधारण दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर या. अडीच मुठींवर कड्याची खालची कड सुरू झाली असती आणि जवळजवळ सहा मुठींवर वरची कड संपली असती. म्हणजे साडेतीन मुठी रुंदीची कमान, पूर्वेच्या थोडं दक्षिणेकडून निघून पश्चिमेच्या थोडं दक्षिणेला टेकलेली. पौर्णिमेचा चंद्र केवढा? अर्धा अंश. करंगळीच्या नखाआड झाकला जातो. त्यापुढे ही कमान केवढी ते तुम्हीच बघा.

कन्याकुमारीहून ती जास्त उंच पण अरुंद दिसली असती. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या बाईला डोक्यावर फक्त एक बारीक रेघ दिसली असती, कारण तिच्यासाठी ते कडं कडेवर उभं आहे. आणि ध्रुवावरच्या माणसाला काहीच नाही. कडं त्याच्या क्षितिजाखालीच राहिलं असतं.

रंगाचं मात्र मन मोडायला हवं. चित्रात शनीची कडी चमकतात कारण ती बहुतेक पाण्याच्या बर्फाची आहेत. शनी सूर्यापासून फार लांब, तिथे बर्फ टिकतो. पृथ्वीजवळ उन्हाने बर्फाची वाफ झाली असती. आपलं कडं दगडाचंच असतं, चंद्रासारखं राखाडी. चंद्र आपल्यावर पडलेल्या उजेडातले शंभरातले जेमतेम बारा भाग परत फेकतो, तरी तो रात्री किती उजळ वाटतो! त्यावरून उन्हाळ्यातल्या रात्रीची कल्पना करा. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे कड्याची उजळलेली बाजू आपल्याकडे असते. चैत्र-वैशाखात रात्रभर चांदणंच चांदणं. अमावस्या ही गोष्टच उरली नसती.

त्या उजळ कमानीत एक काळा डाग मात्र फिरला असता. तो पृथ्वीच्या स्वतःच्या सावलीचा. संध्याकाळी तो पूर्वेकडून वर आला असता, मध्यरात्री बरोबर दक्षिणेला आला असता आणि पहाटे पश्चिमेला कलला असता. मध्यरात्री कमानीची खालची बाजू पूर्ण काळी आणि वरच्या बाजूला मधला घास खाल्लेला, असं ते रूप. घड्याळच म्हणा ना. शेतीची लाईट रात्री येते म्हणून मोटर चालू करायला जाणाऱ्या घरधन्याला मोबाईलमध्ये वेळ बघायची गरज पडली नसती. आमच्या एका मैत्रिणीला हा उजेड ऐकून आनंद झाला, विंचूकाट्याची भीती कमी म्हणून. दुसरी म्हणाली, "अंधार पडायची वाट बघणाऱ्या बायांनी मग जायचं कुठं?" गावोगावी हागणदारीमुक्तीचे फलक लागले आहेत, तरी हा प्रश्न तिने का विचारला हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला कळलं असेल.

तारे किती गमावले असते? ध्रुव, सप्तर्षी, मृगाचा चौकोन हे कड्याच्या वर, म्हणून त्यांच्या आड काही नाही, पण उजेडाने फिके पडले असते. व्याध कड्याआड गेला असता आणि सगळा वृश्चिकही. अगस्ती मात्र कमानीच्या खालच्या मोकळ्या जागेत चमकताना दिसला असता. चंद्रही दर महिन्यात काही दिवस कड्यामागून गेला असता. ज्या संकष्टी करतात त्यांच्यासाठी सांगतो, ज्येष्ठातल्या संकष्टीला चंद्र दक्षिणेकडे असतो, तेव्हा तो कड्यामागूनच उगवला असता. अर्थात त्या दिवसांत ढगांमुळे असाही चंद्र दिसत नाही आणि आपण पंचांगातली वेळ बघूनच उपास सोडतो.

इथवर सगळं शोभेचं झालं. आता सावलीचं बघू, कारण कडं नुसतं चमकत नाही, ऊनही अडवतं.

उन्हाळ्यात सूर्य आणि आपण कड्याच्या एकाच बाजूला, म्हणून आपल्यावर सावली नाही. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे सगळं नेहमीसारखं वाळलं असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला जातो आणि कड्याच्या पलीकडे होतो. लातूर-नांदेडचं गणित आम्ही मांडून बघितलं. साधारण ऑक्टोबरच्या अखेरीला दुपारचा सूर्य कड्याच्या वरच्या कडेमागे शिरला असता आणि थेट फेब्रुवारीच्या १०-१२ तारखेच्या आसपास बाहेर पडला असता. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत तर तो कड्याच्या सर्वांत दाट भागामागे असता. शनीच्या कड्यात हा मधला पट्टा इतका दाट आहे की त्यातून फारच थोडा उजेड आरपार येतो. या दाट पट्ट्याच्या थोडं वर कॅसिनीने पाहिलेली ती फट. सूर्य तिच्यामागून जाताना नोव्हेंबरात चार-पाच दिवस ऊन जरा बरं पडलं असतं, आणि परतताना जानेवारीच्या शेवटी पुन्हा तसंच.

२२ डिसेंबरचा दिवस घ्या. सकाळी सूर्य विरळ भागाच्या मागून उगवतो, म्हणून सकाळचं कोवळं ऊन थोडंफार मिळतं. नऊच्या सुमारास तो दाट पट्ट्यामागे जातो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिथेच राहतो. म्हणजे जेव्हा ऊन तापायला हवं तेव्हाच आभाळ भरून आल्यासारखा मळकट उजेड. संध्याकाळी पुन्हा थोडं ऊन. त्या दिवशी दुपारी या दाट पट्ट्याची सावली गोव्यापासून जयपूर-लखनौपर्यंत पडली असती, म्हणजे आख्खा महाराष्ट्र तिच्या पोटात. कन्याकुमारीला मात्र सूर्य विरळ पट्ट्यामागे असल्याने आपल्यापेक्षा बरं ऊन. आपलं नशीब बघा, कडं आलं तरी सावली मराठवाड्यावर!

हेच आपले रब्बीचे दिवस. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली शाळू डिसेंबर-जानेवारीत पोटरीला येते, निसवते, दाणा भरते. दाणा भरतो तो पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नावर. ऊनच नसेल तर ताटं उभी राहतील, कणसं पोचट राहतील. हुरडा विसरा. हरभऱ्याचंही तेच, करडईचंही तेच. तूर याच दिवसांत काढायची, मळायची, वाळवायची. लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून उन्हात पसरतात तेव्हा कुठे साल सुटतं. घरी जात्यावर डाळ करणारी बाईही तेच करते. दोन-तीन दिवसांच्या ढगाळ हवेने त्या कामाचे हाल होतात ते आपण बघतोच, इथे तर अडीच-तीन महिने. ज्या गटांनी सोलर ड्रायर घेतले आहेत त्यांनी हिवाळ्यात ते झाकून ठेवावे लागले असते आणि हप्ते मात्र चालू! छतावरच्या सौर पॅनलचंही तसंच.

आणि येळवस? मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे बरोबर याच सावलीच्या मध्यावर. लातूरच्या बायकांना येळवस काय असते ते सांगायला नको. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि सगळं गणगोत रानात जेवायला. हिरव्या ज्वारीच्या मध्ये, उबदार उन्हात झाडाखाली बसायचं हीच तर तिची मजा. कड्याखाली ती थंडगार, भुरकट दुपारी, खुरटलेल्या पिकात करावी लागली असती. किंवा मुळात ती त्या दिवसांत सुरूच झाली नसती, कारण पीकपाणी बदललं की सण बदलतात. माणसाने वेगळी पिकं शोधली असती, रब्बी हा शब्दही कदाचित नसता.

पावसाचंही बघायला हवं. जून-जुलैत ही सावली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंद महासागरावर पडली असती. आपल्याकडे पाऊस आणणारं वारं त्याच बाजूने निघतं आणि समुद्रावरून वाफ उचलत येतं. थंड पाण्यावरून वाफ कमी उठते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं ते वर्ष ज्यांनी घागरी घेऊन काढलं आहे, त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. मोनॅशचे संशोधकही म्हणतात की त्या जुन्या कड्याच्या सावलीने पृथ्वी गार व्हायला हातभार लागला असावा. साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वी मोठं हिमयुग आलं आणि समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट झाल्या, हे खडकांत लिहिलेलं आहे. त्यात कड्याचा वाटा होता का, हा त्यांचा अंदाज.

कड्यांचं नवल फक्त शनीचं नाही बरं का. १० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. मुख्य झाकण्याच्या आधी आणि नंतर ताऱ्याचा उजेड थोडा थोडा वेळ मंदावला आणि त्यावरून त्या ग्रहालाही बारीक कडी आहेत हे कळलं. त्या रात्री आपल्या देशात तमिळनाडूच्या कावलूर वेधशाळेतही हा प्रकार नोंदला गेला होता. गुरूचं कडं १९७९ मध्ये आणि नेपच्यूनची १९८९ मध्ये अवकाशयानांनी नीट दाखवली.

शनीचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. साडेसाती म्हणजे काय? शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एकेका राशीत साधारण अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची धरून तीन राशी, झाली साडेसात वर्षं. एवढंच ते गणित. आमच्या एका गटात एका बाईने अंतर्गत कर्ज घेतलं ते कशासाठी, तर नवऱ्यासाठी शनीची अंगठी करायला. दोन रुपये शेकडा व्याजाने. श्रद्धा ज्याची त्याला, पण कर्जाच्या अर्जावर कारण लिहिताना आम्ही तरी शेळीला आधी मान देऊ.

आता शेवटचं, आणि हे कल्पनेतलं नाही. आज पृथ्वीभोवती माणसाने केलेला पसारा फिरतो आहे. चालू उपग्रहच दहा हजारांच्या वर गेले आहेत, शिवाय बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे टप्पे आणि फुटके तुकडे. त्यांचं शनीसारखं सपाट कडं नाही, ते सगळ्या दिशांनी गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं आहे, आणि त्यातलं काहीबाही खाली येतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धाडकन एक धातूचं कडं येऊन पडलं. खरंखुरं गोल कडं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. आसपासच्या शिवारात धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला लागलं नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या एका रॉकेटचा तो टप्पा असावा असं तज्ज्ञांनी सांगितलं.

तुमच्या शिवारात कधी असं काही पडलेलं दिसलं, तर पोरांना जवळ जाऊ देऊ नका आणि भंगारवाल्याला बोलावू नका. रॉकेटच्या टाक्यांत उरलेलं इंधन विषारी असू शकतं, हात लावला तर भाजतं, वास घेतला तर श्वासाला त्रास होतो. लांबूनच फोटो काढा आणि पोलीस पाटलांना किंवा तलाठ्यांना कळवा, ते पुढे तहसीलला कळवतील.

मुठीने आकाश मोजायचा प्रयोग घरी मुलांबरोबर करून बघा आणि तुमच्या गावातून कड्याच्या जागी काय काय येतं, कुणाचं झाड, कुणाचा टॉवर, ते आम्हाला कळवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी गटाच्या वार्षिक हिशोब तपासणीबद्दल बोलू. वह्या पूर्ण करून ठेवा.